भिंत, शाळा आणि धवलेरी : वारली चित्रपरंपरेची जपानशी झालेली शालेय देवाणघेवाण

लोककला आणि शालेय शिक्षण यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठीत बहुधा दोन अंगांनी होत आलेली दिसते. पहिले अंग शिक्षणशास्त्राचे आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेपासून हाताच्या उद्योगाला अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान द्यावे की नाही, हा वाद महाराष्ट्राला परिचित आहे. दुसरे अंग लोकसाहित्याच्या संकलनाचे. त्यात गीते, कथा, विधी यांची नोंद होते. परंतु त्यांच्याशी बांधलेली कारागिरी परिशिष्टात जाते आणि ती शिकणारे मूल तर कोठेच दिसत नाही. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न या दोन्ही अंगांच्या मध्ये पडून राहिला आहे. एखादी कारागिरी आपला भाषिक प्रदेश ओलांडून दूरच्या समाजात जाते, तेथे तिला मान मिळतो, आणि त्या मानासह ती आपल्याच गावच्या शाळेतील मुलांपर्यंत परत येते. या येण्याजाण्यात तिच्याबरोबर काय प्रवास करते आणि काय उंबरठ्याआतच राहते? भाषांतराच्या चर्चेत हा प्रश्न जुना आहे. कारागिरीच्या बाबतीत तो क्वचितच विचारला गेला आहे.

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी वारली चित्रपरंपरेइतके सोयीचे उदाहरण मराठी प्रदेशात दुसरे नाही. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आणि लगतच्या गुजरातेत वसलेला हा आदिवासी समाज. त्याच्या झोपडीच्या आतील भिंतीवर लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने रेखाटला जाणारा चौक. आणि डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत २०१३ आणि २०१४ साली जपानी व भारतीय चित्रकारांनी मुलांच्या सान्निध्यात रंगवलेल्या भिंती, असा हा पट आहे. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द अशा वेळी सहज वापरला जातो. तो जपून वापरला पाहिजे, कारण ही कला मेलेली कधीच नव्हती. बदलत गेले ते तिचे स्थान, तिचे कर्ते आणि तिच्यासोबतचे शब्द.

चौकापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा हात देऊन वर गेरूचा थर चढवतात. त्या तांबूस पृष्ठभागावर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी टोकाशी चावून केलेल्या कुंचलीने, सवाशिणी चौक काढतात. चौकटीच्या नक्षीत आत पालघट ही सर्जनाची देवता असते. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. हे काम परंपरेने स्त्रियांचे. त्याच वेळी धवलेरी गात असते. धवलेरी ही वारली समाजातील लग्न लावणारी स्त्री. तिच्या गीतांशिवाय विधी पुढे सरकत नाही आणि चौकावाचून त्या गीतांना जागा नाही. म्हणजे चित्र आणि गीत ही येथे एकाच कृतीची दोन रूपे आहेत. मिथिलेच्या स्त्रिया कोहबर ‘लिहितात’ असे म्हणतात, गुजरात-मध्य प्रदेशाच्या सीमेवरील राठवा समाजात पिठोरा काढणाऱ्याला ‘लखारा’ म्हणजे लिहिणारा अशी संज्ञा आहे. वारली चौकालाही लेखनाच्याच कोटीत बसवणे योग्य ठरेल, मात्र हे लेखन मूकपणे वाचण्याचे नाही. ते धवलेरीच्या तोंडून ऐकत पाहण्याचे आहे.

या लग्नाची दुसरी बाजू मराठी साहित्याने नोंदवली आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लग्नगडी या प्रथेचे जे चित्रण येते, ते चौकाकडे पाहताना विसरता येत नाही. लग्नाच्या खर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून उसने घेई आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही त्याच्या शेतावर राबत. १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याने ही वेठ मोडली. पालघटची भिंत आणि सावकाराची वही अशा प्रकारे एकाच मांडवात होत्या. वारली चित्रांना ‘निरागस आनंदाचा आविष्कार’ ठरवणाऱ्या कलासमीक्षेने हे पुस्तक शेजारी ठेवले असते, तर बरेच भाबडे लेखन टळले असते. परुळेकरांचे पुस्तक साहित्याच्या कपाटात आणि यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील इंग्रजी ग्रंथ (१९८८) कलेच्या कपाटात, अशी विभागणी आपल्या ग्रंथालयांनीही निमूटपणे मान्य केली आहे.

डहाणूच्या याच परिसरात शालेय देवाणघेवाणीचा एक पूर्वीचा प्रयोग झाला होता. जपानी प्रकरणाआधी त्याचा विचार करणे इष्ट आहे, कारण त्यात प्रवासाची दिशा उलट होती. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५०च्या दशकात अनुताई वाघ यांच्यासह हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. इटलीत घडलेली माँटेसरी साधने महाग होती. त्यांची लाकडी ठोकळ्यांची, मोजून मापून केलेली शिस्त आदिवासी पाड्यावर आणणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांनी त्या साधनांची जागा घेतली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला.

तुलनाकाराच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. कोसबाडने परदेशी पद्धतीचे तत्त्व घेतले आणि तिचे द्रव्य बदलले. स्पर्शातून, हाताळण्यातून शिकणे हे सूत्र रोमहून आले. हातात आलेली वस्तू मात्र डहाणूच्या समुद्राची आणि रानाची होती. उत्तम अनुवादात जे घडते तेच हे. त्याचबरोबर मर्यादाही नोंदवली पाहिजे. मुलाच्या हाताला परिसरातील माती मिळाली, तरी त्याच्या घरच्या भिंतीवर त्याची आई-आजी जे काढते ते शिक्षणाचे द्रव्य म्हणून शाळेने वापरण्याइतका तो काळ पुढे आलेला नव्हता. वारली चित्राला चित्र म्हणून अद्याप कोणी ओळखतच नव्हते. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ १९४५ चा. त्याची दृष्टी जमातीच्या चालीरीती नोंदवण्याची होती.

भिंतीवरून कागदावर येण्याची घटना १९७०च्या दशकाच्या आरंभीची. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मधुबनीच्या स्त्रियांना कागद पुरवणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी याच काळात वारली पाड्यांवर येऊ लागले. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) त्यांना भेटले. म्हसे लहानपणी आईच्या मृत्यूनंतर काही वर्षे बोलत नसत. धुळीत रेघा ओढून ते आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने भरवलेल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये पद्मश्री.

या कीर्तीच्या वाटेवर दोन बदल घडले. विधीसाठी स्त्रियांनी काढायचे चित्र आता विधीवाचून, रोज, मुख्यत्वे पुरुषांकडून काढले जाऊ लागले. दुसरा बदल कथनाचा. चौकात कथा सुप्त असते, कारण ती सांगण्याचे काम धवलेरी करते. कागदावर धवलेरी नाही. त्यामुळे कथा चित्राच्याच अंगावर आली: कणसरी या धान्यदेवतेची गोष्ट, मासेमारीचे जाळे, तारप्याभोवती फिरणारे नर्तकांचे वेटोळे, पेरणीपासून मळणीपर्यंतचा क्रम. कागदावरील वारली चित्रातील घनदाट कथनात्मकतेला अनेकांनी प्राचीन म्हटले आहे. तिचा बराचसा भाग गीताच्या अनुपस्थितीने निर्माण केलेला, म्हणजे आधुनिक आहे, असे मानण्यास जागा आहे.

आता जपानकडे वळता येईल. जपानमध्ये ही चित्रे पोहोचली ती एका रिकाम्या शाळेत. नीगाता प्रांतातील तोकामाची हा अतिहिमवृष्टीचा डोंगराळ भाग. तरुण शहरांकडे गेल्यामुळे तेथील शाळा ओस पडत गेल्या. अशाच एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत तोकियो हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय स्थापन केले. मधुबनीच्या गंगादेवी तेथे राहून चित्रे काढून गेल्या, म्हसेही गेले. मुलांविना राहिलेल्या वर्गांत भारतीय खेड्यातील माणसांनी बसून मोठमोठी चित्रे काढावीत, ही परिस्थितीच बोलकी आहे. ज्या समाजाने आपले खेडे गमावले, त्याला दुसऱ्याच्या खेड्यातील हात मोलाचा वाटला.

अर्थात या आस्थेला जपानमध्ये जुनी पूर्वपीठिकाही आहे. यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये ‘मिंगेई’ म्हणजे लोकांची कारागिरी हा शब्द घडवला, हे कलेच्या अभ्यासकांना ठाऊक असते. त्याहून कमी ज्ञात, परंतु प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे उदाहरण कानाए यामामोतो (१८८२-१९४६) यांचे आहे. हा चित्रकार फ्रान्समधून मायदेशी परतताना १९१६ मध्ये रशियात थांबला. मॉस्कोत त्याने शेतकऱ्यांच्या हस्तव्यवसायांचा संग्रह आणि मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहिले. जपानी शाळांत त्या काळी चित्रकला म्हणजे पाठ्यपुस्तकातील नमुन्याची नक्कल असे. यामामोतोने १९१९ मध्ये नागानो प्रांतातील कांगावा या गावच्या प्राथमिक शाळेत मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि त्याच वर्षी गावातील तरुणांना हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत लाकडी कोरीवकाम शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. शेतकऱ्याची कारागिरी आणि शाळकरी मुलाची रेघ या दोन गोष्टी परदेशी प्रेरणेने एकाच माणसाने एकाच गावात हाती घ्याव्यात, हे शंभर वर्षांपूर्वी घडले होते. रशियन नमुना तेथे जसाच्या तसा उतरवला गेला नाही. कोसबाडच्या शिंपल्यांप्रमाणेच तेथेही द्रव्य स्थानिक राहिले.

गंजाडचा प्रयोग या पूर्वपीठिकेवर वाचला पाहिजे. अकिको ओकुनी आणि काझुनोरी हामाओ यांच्या पुढाकाराने ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ हा उपक्रम २०१० मध्ये बोधगयेजवळील सुजाता गावातील निरंजना पब्लिक वेल्फेअर स्कूल या शाळेत सुरू झाला. जपानी आणि भारतीय चित्रकारांनी गावात राहायचे, शाळेच्या वर्गांच्या भिंती रंगवायच्या, मुलांनी पाहायचे, हात लावायचे, आणि शेवटी गावाने वर्गात यायचे, अशी त्याची साधी रीत. युसुके आसाई हे चित्रकार तर रंग आणत नाहीत. जेथे जातात तेथील निरनिराळ्या छटांची माती गोळा करून तिनेच भिंत भरतात. तीन वर्षांनंतर हा उपक्रम बिहारमधून डहाणूत आला. २०१३ साली गंजाड ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

बिहारमधील गाव आणि गंजाड यांत एक मूलभूत फरक होता. गंजाडला भिंतीवर चित्र काढण्याची परंपरा आधीपासून होती आणि ती जगाला माहीत होती. येथे पाहुण्यांना ‘भिंतीवर चित्र असते’ हे सांगायचे नव्हते. मातीच्या छटा, गेरू, शेणाचा हात, तांदळाचे पीठ यांविषयी पाहुणेच विद्यार्थी होते. शाळकरी मुलाच्या दृष्टीने या उलटापालटीचे मोल फार आहे. ज्या शाळेत त्याच्या घरची बोली ‘अशुद्ध’ ठरते, घरचे राहणीमान ‘मागास’ म्हणून धड्यात येते, त्याच शाळेच्या आवारात दूर देशाहून आलेली शिकलेली माणसे त्याच्या आजीला सहज येणारे काम शिकू पाहतात. पुनरुज्जीवन या शब्दाला काही अर्थ असेल तर तो येथे आहे. कला तीच असते. मुलाच्या मनात तिची प्रत बदलते. हा बदल कोणत्याही कार्यानुभवाच्या तासिकेने साधला नसता, कारण ती तासिका शिकवणारा शिक्षकही बहुधा त्याच श्रेणीव्यवस्थेत वाढलेला असतो.

देवाणघेवाण एका दिशेने राहिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. २०१८ पासून हाच उपक्रम फुकुशिमा प्रांतातील इनावाशिरो या गावी भरू लागला आणि वारली चित्रकारांनी तेथील शाळांतून काम केले. मार्च २०११ च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर फुकुशिमा हे नाव जगभर अपघाताचे नाव झाले होते. इनावाशिरो समुद्रापासून आत, बांदाई पर्वताच्या पायथ्याशी आहे. तरी प्रांताच्या नावाचा कलंक त्यालाही वागवावा लागला. आपल्या गावाच्या नावाची लाज वाटावी अशी परिस्थिती तेथील मुलांचीही होती. गंजाडच्या माणसांना ही भावना अपरिचित नसावी. तोकामाचीच्या रिकाम्या शाळेपासून इनावाशिरोच्या चालू शाळेपर्यंतचे हे अंतर सुमारे साडेतीन दशकांचे आहे. पहिल्या ठिकाणी वारली चित्रकार संग्रहालयाचा पाहुणा होता, दुसऱ्या ठिकाणी मुलांच्या वर्गातला.

येथवर ही कथा समाधानाची आहे. अडचण पुढे आहे, आणि ती भाषेची आहे.

जपानी चित्रकार, वारली चित्रकार आणि शाळेतील मुले यांच्यात समान भाषा नव्हती. खुणा, हात, मधला दुभाष्या आणि चित्र यांवर काम चालणे स्वाभाविक होते. अशा भेटींत चित्र पुढे येते ते त्याला शब्दांची गरज सर्वांत कमी म्हणून. परंतु वारली चित्राच्या बाबतीत ही सोयच घातक ठरू शकते. कारण जे चित्र मूळचे गीताशी जोडलेले होते, ते या देवाणघेवाणीत दुसऱ्यांदा गीतापासून तुटते. पहिली तुटणी कागदामुळे झाली, दुसरी भाषेच्या सीमेमुळे. आणि मुलाला परत मिळणारी कला ही अशा दोनदा सुटलेल्या चित्राची असते. त्याला त्रिकोणावर त्रिकोण ठेवून माणूस काढता येतो, तारप्याचे वेटोळे जमते. चौकात पालघट का झाकलेली, देवचौक वेगळा का, कणसरी रुसते ती कशावरून, हे त्याला सांगणारे शब्द मात्र शाळेत कोणाजवळ नसतात. शाळेचे माध्यम प्रमाण मराठी. धवलेरीचे गीत वारली बोलीत. महाराष्ट्रभर आज शाळांच्या कुंपणभिंतींवर, रेल्वे स्थानकांत, सरकारी कचेऱ्यांच्या दर्शनी भागी वारली आकृत्या नाचताना दिसतात. २०१४ साली या चित्रशैलीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. आकृतीचे असे संरक्षण करता येते. गीताला ते लागू पडत नाही. लिपी सर्वत्र पसरावी आणि तिची भाषा बोलणारी तोंडे मिटत जावीत, तशी ही अवस्था आहे.

स्त्रियांचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीत प्रवास करणारे वारली चित्रकार बहुतांशी पुरुष आहेत. याला अपवाद आहेत आणि ते वाढत आहेत, पण धवलेरी म्हणून कोणी स्त्री या वाटेने जाणे संभवत नाही, कारण तिचे कौशल्य दाखवण्याच्या वस्तूत मावत नाही. कविता महाजन यांनी ‘वारली लोकगीते’ संकलित केली, तेव्हा हे शब्द निदान मराठी वाचकापुढे आले. चित्रांविषयीच्या देखण्या पुस्तकांच्या तुलनेत अशा संकलनांचा वाचकवर्ग केवढा, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तुलनात्मक साहित्याने आपले काम येथे ओळखायला हवे. वारली चित्राचे वाचन त्याच्या गीतासह करणे, दोन्हींच्या आशयसूत्रांची एकत्र मांडणी करणे, आणि कागदावर आलेल्या कथनाने गीताची कोणती जागा भरून काढली याचा शोध घेणे, हे काम कलासमीक्षक करणार नाही. लोकसाहित्याच्या संकलकाच्या हातीही बहुधा गीत असते, भिंत नसते.

भिंतीचा मुद्दा आणखी थोडा ताणून पाहण्यासारखा आहे. गंजाडचा प्रयोग शक्य झाला याचे एक कारण असे की मुलाच्या घरी अद्याप मातीची भिंत होती किंवा तिची आठवण ताजी होती. जेथे भिंतच आपली नाही तेथे काय होते? रायपूरच्या वेशीवरील उरला ही छत्तीसगडची औद्योगिक वसाहत या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या अशा वस्त्यांत खेड्यापाड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे राहतात. त्याच राज्याच्या सरगुजा भागात मातीच्या भिंतीवर उठावाच्या आकृती आणि बांबूच्या आधाराने केलेल्या मातीच्या जाळ्या ही स्त्रियांची कला आहे. पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार (मृत्यू २००७) यांनी घरात एकटेपणी काढलेल्या वर्षांत आपल्या लहान मुलासाठी मातीची खेळणी करता करता सगळे घरच आकृत्यांनी भरून टाकले. जे. स्वामीनाथन यांच्या काळात भोपाळच्या भारत भवनाने त्यांची दखल घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयाने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन केले. यानागींनी घडवलेला जपानी शब्द अशा रीतीने कॅलिफोर्नियात सरगुजाच्या भिंतीला भेटला. तीच जाळी उरल्यासारख्या वस्तीतील भाड्याच्या खोलीत लावता येत नाही. ओली माती थापण्याची परवानगी घरमालक देणार नाही आणि उद्या खोली बदलायची आहे. अशा मुलाच्या आयुष्यात खेड्यातील भिंतीची जागा घेऊ शकेल अशी एकच सार्वजनिक भिंत उरते, ती शाळेची. गंजाडमध्ये शाळेच्या भिंतीने घरच्या भिंतीला प्रतिष्ठा दिली. औद्योगिक वस्तीत तिला घरच्या भिंतीचेच काम करावे लागेल, आणि हे काम अधिक अवघड आहे, कारण तेथे एकाच वर्गात निरनिराळ्या गावांच्या आणि बोलींच्या भिंती आलेल्या असतात.

शासकीय धोरणात यासाठी आता थोडी फट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांपाशी शिकावे अशी शिफारस केली आहे. या यादीत वस्तू घडवणारे आहेत. गीताने विधी घडवणारी स्त्री ‘स्थानिक जाणकार’ या संज्ञेत बसते की नाही, याचा निर्णय बहुधा मुख्याध्यापकावर राहील. कोसबाडने शाळा कुरणात नेली होती, त्या मानाने धवलेरीला शाळेत बोलावणे फार धाडसाचे नाही. तिच्याबरोबर तिची बोलीही वर्गात येईल आणि निदान दहा दिवस ती चुकीची मराठी ठरणार नाही.

मात्र हे करताना एक पथ्य पाळावे लागेल. धवलेरीची काही गीते केवळ लग्नासाठी आहेत आणि चौकालाही लग्नाचे निमित्त लागते. तारप्याचे वेटोळे, पेरणी, मासेमारी, कणसरीची गोष्ट शाळेच्या भिंतीवर काढता येईल, गाता येईल, इनावाशिरोच्या मुलांना दाखवता येईल. पालघटचा चौक शाळेत काढायचा की लग्नघरासाठीच राखायचा, हे ठरवण्याचा अधिकार जपानी पाहुण्यांकडे नाही, शिक्षणखात्याकडे नाही आणि विद्यापीठीय अभ्यासकाकडेही नाही. तो पाड्यावरच्या सवाशिणींचा आहे, आणि गंजाडच्या शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी काही जणी उद्या त्याच सवाशिणी होणार आहेत.